दादामियाँची देग आणि घाटातलं डिझेल

येडशीच्या स्टेशनाबाहेर चिंचेखाली एक पन्नाशीचा माणूस तांब्याच्या मोठ्या देगीत मुंडकं घालून बसलेला दिसला, की नवखा प्रवासी थबकायचा. गावातलं कुणी थबकत नसे. विचारलंच तर ते सांगायचे, "काही न्हाय, बावर्ची गाडी ऐकतोय."

बावर्ची म्हणजे दादामियाँ. आडव्या ठेवलेल्या देगीचं तोंड घाटाकडे आणि दादामियाँचं डोकं देगीत. घाटातून वर येणाऱ्या गाडीचा आवाज त्या तांब्याच्या पोटात शिरून मोठा व्हायचा. तो ऐकून पुढं कोणतं इंजिन लागलंय हे दादामियाँ सांगायचा. हा छंद त्यानं हौसेनं धरला नव्हता. त्याची अब्रू त्यात गुंतली होती आणि अब्रू तांदळात होती.

तेव्हा लातूरकडे छोट्या रुळांची गाडी जायची. बार्शीकडून आलेली गाडी पांगरी सोडली की रामलिंगच्या घाटाला लागायची आणि चढत चढत येडशीला यायची. येरमाळ्यासारख्या गावांना रेल्वे नव्हती. तिकडच्या लग्नाची बरात येडशीला उतरायची आणि तिथून ठरवलेल्या बसनं पुढं जायची. येरमाळ्याच्या मुसलमान घरांनी यात एक रीत पाडली होती. पाहुणा रेल्वेतून उतरला की बसमध्ये चढायच्या आधी त्याचं जेवण झालं पाहिजे. मुलीच्या दारात उपाशी बराती उभा राहिला, तर पुढं वर्षभर ते ऐकून घ्यावं लागे. मटणाचा मोठा खाना येरमाळ्यात. येडशीला बगारा खाना, म्हणजे खड्या मसाल्याच्या फोडणीचा भात, आणि दुधी घातलेला डाळीचा डालचा. बरातीत शेजारपाजारचे माळकरीही असायचे, त्यांचीही सोय व्हायची. हे स्टेशनावरचं जेवण करायचं ते दादामियाँनंच, असं ठरून गेलं होतं.

डालच्याचं काही नसतं. तो तासभर आधी झाला तरी चुलीवर सुखानं पडून राहतो. बगाऱ्याचा तांदूळ मात्र वाट बघत नाही. लवकर केला तर त्याची ढेकळं होतात, उशीर झाला तर दाणा कच्चा. दादामियाँचं गणित बापाकडून आलेलं आणि सोपं होतं. घाटाच्या झाडीवर इंजिनाचा धूर दिसला की भिजवलेला तांदूळ आधणात सोडायचा. कोळशाचं इंजिन धापा टाकत वर येईपर्यंत पाणी आटायचं. बराती उतरून, हातपाय धुऊन, सतरंजीवर बसेपर्यंत भाताला वाफेचा दम बसायचा. झाकण काढलं की दाणा न् दाणा सुटा. या हिशोबात पुरी हयात गेली, एकदाही चूक झाली नाही.

मग एका उन्हाळ्यात गाडीला डिझेल लागलं.

त्या दिवशी येरमाळ्याच्याच एका घरी जाणारी बरात होती. दादामियाँ आधण उकळत ठेवून घाटाकडे डोळे लावून बसला. आभाळ निरभ्र, धुराचा मागमूस नाही. तो बायकोला म्हणाला, "आज गाडीला लई टाइम हाय." त्याचं बोलणं संपतंय तोवर गाडी सिग्नलाच्या आत आली. दादामियाँनं घाईनं तांदूळ सोडला, खाली जाळ वाढवला, देवाचं नाव घेतलं. बरात हात धुऊन बसली आणि वाढणं झालं. बार्शीचे तंबाखूचे व्यापारी पाशामियाँ त्या बरातीत होते. जिभेनं तिखट माणूस. त्यांनी चिमटीत एक दाणा धरला, दाबून पाहिला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दादामियाँ, ह्यो तांदूळ शिजवला कशाला? पेरायच्या कामाला आला असता की."

पंगत हसली. ते हसू बसमधून येरमाळ्याला गेलं आणि गाडीतून बार्शीला. पुढं महिनाभर बाजारात कुणीही दादामियाँला हटकायचं, "काय बावर्ची, औंदा बियानं कसं दिलं?"

"चूक धुराची हाय," दादामियाँ घरी म्हणाला.

"हौ. धूर आला न्हाय ही धुराचीच चूक," शरिफाबी म्हणाली. तिचा तवा चुलीवर होता आणि नवऱ्याची समजूत काढायला वेळ नव्हता.

स्टेशनावरचा सांधेवाला गुंडाप्पा हा दादामियाँचा दोस्त. उमरग्याकडचा माणूस, बोलण्यात कानडी हेल. दादामियाँनं त्याला विचारलं की पांगरीहून गाडी सुटली की तुमच्याकडं घंटी वाजते ना, मग ती ऐकून तांदूळ टाकला तर?

"यप्पा, टाक की," गुंडाप्पा म्हणाला. "पन घंटी एवढंच सांगती, पांगरीनं गाडी सोडली. पुढं काय जोडलंय, ते तिला कुठं दिसतंय? आजकाल काय बी जोडत्यात. कोळशाचं बी हाय, डिझेलचं बी तीन जातीचं हाय. एक झपाझपा येतंय, एक रांगत येतंय. आमच्या मास्तरलाच गाडी नजरेला पडल्यावर कळतंय."

गोष्ट सरळ होती. घंटी आणि इंजिनाची जात या दोन्ही कळल्या, तर तांदळाची वेळ कळणार होती. दादामियाँनं लग्नसराई नसलेले दिवस घाटात घालवायला सुरुवात केली. रामलिंगच्या वरच्या बाजूला बैलगाडीची वाट रुळांच्या जवळून जाते. तिथं एका दगडावर तो भाकरी बांधून बसायचा. गाडी पाहायची, डोळे मिटून तिचा आवाज घोकायचा, येडशीला पळत यायचं आणि ती किती वेळात पोचली ते गुंडाप्पाला विचारायचं.

इंजिनांना आकडे होते, पण ते दादामियाँच्या उपयोगाचे नव्हते. त्यानं आपल्या घरातली नावं दिली. एक नुसताच डबा होता. इंजिन त्याच्याच पोटात आणि माणसंही त्याच्याच पोटात. लाल रंगाचा तो डबा शिलाई मशीन चालल्यासारखा घाट चढून यायचा. त्याचं नाव डबाच राहिलं. दुसऱ्या इंजिनाची केबिन मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरतं अंग. नमाजाआधीच्या वजूला हातपाय धुवायच्या तोटीवाल्या बदन्यासारखं दिसायचं म्हणून तो बदना. माल आणि माणसं अशी मिसळ गाडी ओढताना बदना दम्याच्या रोग्यासारखा खोकायचा आणि सगळ्यांत उशिरा पोचायचा. तिसरं लांबलचक, चौकोनी, चहूबाजूंनी बंद. ते संदूक. संदूकचा आवाज कानाला कमीच लागायचा. तो छातीत कळायचा.

घाटात बसून जात कळत होती, पण चूल येडशीला होती. तिथवर आवाज पोचायचा तो विरून. एक दिवस शरिफाबीनं देग घासून उन्हात आडवी टाकली होती. दादामियाँ तळाचा डाग बघायला आत वाकला आणि तसाच राहिला. देगीच्या आत गाडी बोलत होती.

"अजी, सुनते क्या?" शरिफाबी म्हणाली. "लोक देगीत खाना शोधतात, तुमी गाडी शोधताय. बाहेर निघा, लोक बघून राहिले."

"बघू दे. बदना येतोय."

बदनाच आला.

तेव्हापासून चिंचेखाली एक रिकामी देग कायमची आडवी झाली. दादामियाँ काही दर वेळी बरोबर नसायचा. एकदा स्टेशनासमोरच्या हॉटेलातल्या साऱ्या गिऱ्हाइकांसमोर त्यानं छातीठोकपणे "संदूक!" म्हणून जाहीर केलं, आणि घाटाच्या सडकेनं खताची ट्रक वर आली. त्या दिवशी गुंडाप्पानं ट्रकला हिरवी झेंडी दाखवली आणि हॉटेलवाल्याचा धंदा तासभर हसण्यात बुडाला.

पुढल्या लग्नसराईच्या तोंडावर दादामियाँची बहीण सायराबी येरमाळ्याहून आली. तिच्या मुलीचं, नूरुन्निसाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा बार्शीचा. पाशामियाँ त्या मुलाचे सख्खे चुलते. सायराबीनं चहा निम्मा होईपर्यंत इकडतिकडच्या गप्पा मारल्या आणि मग कप खाली ठेवला.

"भाईजान, बुरा मानू नका. मी उस्मानाबादच्या शब्बीरला सांगावा धाडायचं म्हनतेय."

"कोन शब्बीर? त्यो लवंगा मोजून टाकनारा?"

"मोजून टाकतो, पन शिजवून वाढतो."

शरिफाबी पदरात तोंड लपवून चुलीकडे वळली. शब्बीर तरुण होता, चांगला होता, हे दादामियाँलाही ठाऊक होतं. पण सख्ख्या बहिणीनं भाचीच्या लग्नाला दुसरा बावर्ची आणला, तर येडशी-येरमाळ्याच्या मुलखात कुणीही पुन्हा त्याच्या हातात झारा देणार नव्हतं. हे सायराबीलाही कळत होतं, म्हणून तर ती सांगावा न धाडता स्वतः आली होती.

"आज मुक्काम कर," तो म्हणाला. "जितक्या गाड्या येतील, तितक्या आधी सांगतो. एक जरी चुकली, तर शब्बीरला मी स्वतः जाऊन घेऊन येतो."

सायराबी राहिली. दुपारी दादामियाँनं देगीत डोकं घातलं आणि तो "डबा" म्हणाला. डबा आला. दिवस कलताना "बदना" म्हणाला. सायराबी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. खोकत खोकत बदना आला. तिनं परत येऊन चप्पल काढली.

"ठीक हाय. पन या बारीला पाशामियाँच्या ताटात टनक दाना गेला ना भाईजान, तर मी तुमच्या घरचं पानी बी पिनार न्हाय."

लग्नाच्या दिवशी बरातीतल्या बायकांना उतरवून घ्यायला सायराबी स्वतः येडशीला आली. सामान वाहायला उत्तरेश्वरची बैलगाडी ठरवलेली होती. ती स्टेशनाबाहेर उभी होती आणि बैल कडबा चघळत होते. डालचा तयार होता. आधणात कांदा, पुदिना, खडा मसाला खळखळत होता. शरिफाबी भिजल्या तांदळाची पाटी धरून चुलीजवळ, सायराबी तिच्यामागे, आणि दादामियाँ देगीत.

पांगरीची घंटी वाजली. गुंडाप्पानं लांबून हात वर केला.

गाडी घाटाला लागेपर्यंत शरिफाबीनं दोनदा लाकडं पुढं सारली. मग देगीतून आवाज आला, "संदूक! सोड."

शरिफाबीनं तांदूळ सोडला. आता मागं फिरणं नव्हतं. दादामियाँ बाहेर आला, झाऱ्यानं एकदा तळापासून ढवळलं आणि सवयीनं पुन्हा देगीत वाकला. पाणी आटत आलं. कणकेची वळी करून शरिफाबी झाकण लिंपायला बसली, तेव्हा दादामियाँ ताठ उभा राहिला. त्याचा चेहरा बघून सायराबीनं विचारलं, "क्या हुआ?"

"आवाज गेला."

तोवर गुंडाप्पा जवळ आला होता. "वळनाआड गेली असंल रे."

"वळनाआड गेली की आवाज बारीक होतो. ही एकदम गप झाली."

"मग थांबली असंल. जनावर आलं असंल रुळावर."

"थांबली तरी घुरघुरत राहती. गुंडाप्पा, ती मेली. रामलिंगच्या वरच्या वळनावर."

गुंडाप्पा मास्तरांकडे जाऊन आला. मास्तरांकडे काही खबर नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं. घाटात गाडी बंद पडली की खबर माणसाच्या पायांनी यायची. गार्ड चालत येणार, मग कळणार, मग दुसरं इंजिन मागवणार. तोवर या तांदळाची खळ झाली असती.

दादामियाँनं लिंपलेल्या झाकणावर निखारे पसरले आणि उत्तरेश्वरला हाक मारली. "बैल जुंप. देग गाडीत घालायची."

"कुठं न्यायची?"

"घाटात. बरात हाय तिथं."

सायराबी देगीच्या आडवी आली. "भाईजान, अकल ठिकाने हाय का? तुमी देग घेऊन जंगलात जाल, अन् गाडी हितं आली तर? गेल्या बारीला कच्चा तर कच्चा, तांदूळ तरी होता. आज सतरंजीवर काय वाढू, पत्रावळ?"

तिचं खरं होतं. दादामियाँला ते तिच्याइतकंच दिसत होतं. गाडी नुसती थांबून पुन्हा निघाली असेल, तर बरात येडशीला आणि खाना वाटेवर. त्याच्याजवळ पुरावा एकच, देगीतली शांतता. त्यानं शरिफाबीकडे पाहिलं. इतके दिवस त्या देगीची चेष्टा करणारी शरिफाबी गोणपाट भिजवत होती.

"उत्तरेश्वर, चुंबळ जाड कर," ती म्हणाली. "देग हलली तर दम मोडंल."

चौघांनी कड्यांना बांबू घालून देग उचलली आणि गाडीत बसवली. डालच्याचं भांडं, पत्रावळी, पाण्याचं पिंप. सायराबी चढली आणि झाकण हलू नये म्हणून देगीला खेटून बसली. बाजूनं पाहिलं असतं तर देग तिनं धरली होती की तिनं देगीला धरलं होतं, हे सांगता आलं नसतं.

बैल उताराला लागले. दादामियाँ पायी पुढं चालत होता, कारण गाडीच्या खडखडाटात त्याला काही ऐकू आलं नसतं. अर्ध्या वाटेवर खालून गुरगुर आली.

"भाईजान, गाडी!" सायराबी ओरडली. "सांगत होते मी! फिरवा, बैल फिरवा!"

उत्तरेश्वरनं कासरा ओढला. दादामियाँ वाटेत उभा राहिला. डोकं घालायला रिकामी देग नव्हती. घाम कानामागून मानेवर उतरला. संदूक छातीत कळतं. हा आवाज कानात होता.

"ट्रक हाय," तो म्हणाला.

"पक्कं?"

तो पक्कं म्हणाला नाही. "चल," एवढंच उत्तरेश्वरला म्हणाला. सडकेच्या वळणावरून गुळाच्या भेल्यांनी भरलेली ट्रक वर आली आणि ड्रायव्हरनं बैलगाडीतली धुमसणारी देग बघून हॉर्न वाजवला.

वळणावर गाडी होती. संदूक रुळांवर थंड उभं होतं, त्याचं एका बाजूचं दार उघडं आणि त्यात ड्रायव्हर आणि फिटर कंबरेपर्यंत शिरलेले. सगळी गाडी झाडांखाली पांगली होती. पोरं रडत होती. नवरदेव सेहरा हातात घेऊन त्यानंच वारा घालत होता. सगळ्यांच्या पुढं, सडकेच्या कडेला, पाशामियाँ. उपाशी आणि म्हणून दुप्पट तिखट. बैलगाडी, तिच्यावरची देग आणि शेजारी बसलेली विहीण बघून त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"दादामियाँ? तुमी हितं कसं?"

"उतरल्या उतरल्या जेवायचं ही रीत हाय ना? तुमी हितं उतरलात."

सतरंज्या राहिल्या होत्या येडशीला. बायकांनी चादरी अंथरल्या, पुरुष पाचोळ्यावर बसले. दादामियाँनं कणकेचं लिंपण झाऱ्याच्या टोकानं फोडलं. झाकण उचललं तशी वाफ वर गेली आणि पुदिन्याचा वास खालच्या डब्यापर्यंत पोचला. पहिलं ताट पाशामियाँचं. त्यांनी चिमटीत दाणा धरला. दादामियाँ झारा धरून उभा. सायराबी बैलांकडे बघत होती, बैलांना काही होत नसताना.

पाशामियाँनी दाणा दाबला, तोंडात टाकला, मग घास घेतला, मग दुसरा. सगळी बरात त्यांच्या बोलण्याची वाट बघत होती.

"चाचा, कसं हाय?" नवरदेवानंच शेवटी विचारलं.

"बोलायला तोंड मोकळं न्हाय," पाशामियाँ म्हणाले. "डालचा सरकव."

बरात जेवली. देगीत अजून होतं. शरिफाबीनं पाहुण्यांचा अंदाज धरताना नेहमीप्रमाणे नवऱ्याचं ऐकलं नव्हतं. पोरांना घास घास दिला, गार्डला दिला. लातूरचा एक कापडवाला लांबूनच वास घेत उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "यात काय काय हाय?"

"तांदूळ हाय, तेल हाय, मसाला हाय. डालच्यात दुधी हाय. दुसरं काही न्हाय."

त्यानं बगारा घेतला, आपल्या डब्यातला ठेचा काढला आणि झाडामागं जाऊन बसला. पत्रावळ पुन्हा पुढं करताना म्हणाला, "लातुरात बोलू नका."

ड्रायव्हरचं ताट मांडीवर होतं तेव्हा फिटरनं आतून काहीतरी फिरवलं. संदूक दोनदा शिंकलं आणि घुरघुरायला लागलं. बरातीनं टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर उठला नाही. "चालू झालंय तर राहू दे चालू," तो म्हणाला. "मालक, थोडं खालचं द्या, करपल्यालं."

करपलेलं नव्हतं. दादामियाँनं देग वाकवून दाखवली.

सगळ्यांचं झाल्यावर सायराबीनं उरलेलं एका पत्रावळीवर काढलं आणि भावासमोर ठेवलं. स्वतःही शेजारी बसली आणि त्याच्याच पत्रावळीतून दोन घास खाल्ले. गार्डनं शिट्टी वाजवली. बायका पदर सावरत चढायला लागल्या. पाशामियाँ खिडकीतून डोकं काढून, बस येडशीला किती वेळ थांबेल, असं ओरडून विचारत होते. सायराबीनं तोंड पुसलं.

"मीठ कमी होतं, भाईजान."

"कमी?" दादामियाँनं घास चघळला, थांबला, पुन्हा चघळला. घाईत एक मूठ राहिली होती. "हौ. कमी होतं."

सायराबी डब्याच्या पायरीवर चढली. गाडी हलली तेव्हा ती दारातच उभी होती.

"चौथ्या दिवशी नूरुन्निसा माहेरी येईल, त्या चौथीच्या खान्याला लवकर या," तिनं सांगितलं. "मीठ मी टाकीन."